जुनी शिलाई मशीन मांडायची आणि टिकवायची कशी

अडगळीतून जुनी शिलाई मशीन बाहेर निघाली की पहिल्या तासाभरात तिचं जेवढं नुकसान होतं, तेवढं कित्येकदा आधीच्या पन्नास वर्षांतही झालेलं नसतं. कुणी ओला फडका आणतं, कुणी स्पिरिट, कुणी काळ्या रंगाचा स्प्रे. सगळ्यांच्या मनात प्रेमच असतं आणि हात मात्र भलतीकडे चालतात. माझ्या हातूनही सुरुवातीला हे झालं आहे. पाटावरची, म्हणजे कापड सरकतं त्या सपाट भागावरची, सोनेरी नक्षी चिकट मळाखाली दिसत नव्हती, म्हणून कापसावर स्पिरिट घेऊन पुसलं. मळ निघाला आणि त्याच्यासोबत नक्षीही कापसावर उतरली. दोन बोटं रुंदीचा तो कोरा काळा पट्टा आजही त्या मशीनवर आहे. तो भरून निघणार नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळते: नंतर काढता येणार नाही असं काही लावायचं नाही आणि परत आणता येणार नाही असं काही काढायचं नाही. मशीन ‘नव्यासारखी’ करणं हा या लेखाचा हेतू नाही. पाटाच्या पुढच्या कडेला नक्षी विरलेली दिसते, कारण तिथूनच वर्षानुवर्षं कापड सरकलं आणि शिवणाऱ्या व्यक्तीचा हात टेकला. ती झीज म्हणजे त्या हाताची खूण आहे. तीही जपायची.

आधी ओळख आणि नोंद

काहीही पुसण्याआधी फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मशीन मागे कलवून खालूनही. जाळीजळमटांसकट काढा. खालच्या यंत्रणेत अडकलेला दोऱ्याचा तुकडा, खणातलं बटण, कव्हरच्या आत चिकटवलेली पावती या गोष्टी एकदा हलल्या की कुठे होत्या ते आठवत नाही.

मग क्रमांक शोधा. सिंगरच्या बऱ्याचशा मशिनींवर तो पाटाच्या उजव्या बाजूला, उभ्या खांबाच्या पायथ्याशी ठोकलेला असतो. छोट्या २२१ मॉडेलवर तो पाटाच्या खालच्या बाजूला सापडतो. १९०० सालापूर्वीच्या सिंगर मशिनींच्या क्रमांकात फक्त आकडे असतात, त्यानंतर आकड्यांआधी एक किंवा दोन अक्षरं येऊ लागली. एवढ्यावरूनही मशीन कोणत्या शतकातली ते कळतं. मात्र कंपनीच्या नोंदीत क्रमांकापुढे दिसणारी तारीख ही त्या क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याची असते, मशीन तयार होऊन बाहेर पडल्याची नव्हे. म्हणून मशीनशेजारच्या माहितीफलकावर ‘सुमारे’ लिहिणं प्रामाणिकपणाचं ठरतं.

पेटंटच्या तारखांनी पुष्कळ जण फसतात. एलायस होव यांचं शिलाई मशीनचं पेटंट १८४६चं, आयझॅक सिंगर यांचं १८५१चं. पुढे १८५६मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी आपापली पेटंट एकत्र आणून वापरायचा करार केला आणि तो १८७७पर्यंत चालला. मशीनच्या पाटावरच्या सरकत्या पट्टीवर पेटंटच्या तारखांची लांबलचक रांग दिसते, तिचं मूळ पेटंटच्या याच युगात आहे. त्यांतली सर्वांत अलीकडची तारीख फक्त एवढंच सांगते की मशीन त्यानंतर कधीतरी बनली. ‘१८८९’ असं छापलेली सिंगरची घडीची लाकडी पेटी सोबत मिळाली तर ते त्या पेटीच्या पेटंटचं वर्ष आहे, मशीनचं वय नव्हे. याउलट बिल्ल्याला निळी कड आणि त्यावर ‘१८५१-१९५१’ असेल, तर मशीन सिंगरच्या शताब्दीच्या आसपासची आहे हे खात्रीने सांगता येतं.

ओळखीचा आणखी एक सोपा मार्ग म्हणजे खालचा दोरा कुठून येतो ते पाहणं. होडीसारखं लांबट शटल (खालचा दोरा वाहून नेणारा भाग) पुढे-मागे सरळ रेषेत धावत असेल, तर रचना जुनी. सिंगरचं १८६५चं ‘न्यू फॅमिली’ मॉडेल या जातीचं, आणि त्याचा पाट व्हायोलिनच्या आकाराचा असतो. बंदुकीच्या गोळीसारखं शटल लंबकासारखं झुलत असेल तर ती सिंगरच्या २७ किंवा २८ मॉडेलच्या घराण्यातली. गोल बॉबिन असेल तर सिंगरचं १५ किंवा ६६ मॉडेल असण्याची शक्यता. आणि बॉबिनच सापडत नसेल तर ते हरवलंय असं लगेच समजू नका. विलकॉक्स अँड गिब्सच्या मशिनी एकाच दोऱ्यावर साखळी टाका घालतात, त्यांना बॉबिन नसतंच. त्यांचा सांगाडा इंग्रजी ‘जी’ अक्षरासारखा असतो, त्यावरून त्या लांबूनही ओळखू येतात.

ही सगळी माहिती एका वहीत लिहा. मशीनवर कोण शिवत होतं, काय शिवत होतं, हे सांगणारी व्यक्ती हयात असेल तर तेही याच आठवड्यात विचारून घ्या. मशीन वाट पाहू शकते.

त्या काळ्या चकाकीत काय दडलंय

पुढची सगळी काळजी इथून ठरते, म्हणून हे नीट समजून घ्यावं. बहुतेक जुन्या मशिनींचं अंग बिडाचं. त्यावरचा काळा थर म्हणजे नेहमीचा रंग नव्हे. डांबरासारखा नैसर्गिक पदार्थ जवसाच्या तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये कालवून, थरावर थर देऊन, भट्टीत भाजून तो बसवलेला असतो. या कामाला जपानिंग म्हणतात. त्यावर सोनेरी आणि रंगीत नक्षीची डेकल, म्हणजे छापील पापुद्रे, उतरवलेली असतात. त्यांची जाडी कागदाच्या पापुद्र्याहून कमी. आणि सगळ्यांत वर संरक्षण म्हणून पारदर्शक थर, जो जुन्या मशिनींवर बहुधा लाखेचा असतो.

लाकडाला स्पिरिट पॉलिश करणाऱ्या सुताराला हे सांगायला नको: लाख विरघळवायला स्पिरिटच वापरतात. म्हणजे स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेलं काच पुसायचं द्रव्य मशीनला लावणं म्हणजे वरचा थर स्वतःच्या हाताने धुऊन काढणं. तो गेला की खालची नक्षी उघडी पडते. डेकलमधलं सोनं बहुधा धातूच्या बारीक भुकटीचं असतं. ते काळपट किंवा चंदेरी होतं, मग निघून जातं. अमोनिया असलेली द्रव्यंही अशीच घातक. पाणी फार वेळ राहिलं तर लाखेवर पांढुरकी धूसर छाया येते. थिनर आणि पेट्रोल तर काळ्या थरालाच हात घालतात, शिवाय आगीचा धोका वेगळा.

रॉकेलबद्दल मतं वेगळी आहेत. वाळून चिकटलेलं तेल सोडवायला ते उत्तम, हे खरं. मी ते फक्त काढून घेतलेल्या, रंग नसलेल्या लोखंडी भागांसाठी, मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून वापरते. नक्षीजवळ नेत नाही.

स्वच्छता: थोडी, सावकाश, पुन्हा पुन्हा

पहिल्या दिवशी फक्त कोरडं काम. मऊ केसांचा रुंद ब्रश एका हातात आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी, तिच्या तोंडावर नेटचं कापड बांधलेलं. धूळ ब्रशने उडवायची आणि नळीने हवेतच पकडायची. नेट बांधायचं कारण म्हणजे सुटलेला एखादा स्क्रू किंवा नक्षीचा पापुद्रा पिशवीत जाऊ नये. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली कापसाचा लगदा साठून नमद्यासारखा घट्ट झालेला असतो. सुईखालची पट्टी काढून तो चिमट्याने उचलावा.

स्क्रू काढताना घाई नको. जुन्या स्क्रूंची खाच अरुंद असते आणि त्यांचे आटेही आजच्या सर्वसाधारण मापाचे नसतात, त्यामुळे एक बिघडला की बदली मिळणं अवघड. पेचकसाचं टोक खाचेत पूर्ण भरेल असंच हवं. ढिलं टोक घसरून खाच खातं. जाड पुठ्ठ्यावर मशीनचं कच्चं चित्र काढून प्रत्येक स्क्रू ज्या जागचा त्याच जागी टोचून ठेवा. या एका सवयीने माझे अनेक तास वाचले आहेत.

आता ओलं काम. ओलं म्हणजे पाण्याने नव्हे, शिलाई मशीनच्या स्वच्छ, पातळ खनिज तेलाने. आधी चाचणी घ्या: खांबाच्या मागे किंवा पाटाच्या खालच्या कडेला, जिथे कुणी पाहत नाही अशा नखाएवढ्या जागी. पांढऱ्या सुती कापडावर तेलाचे दोन-तीन थेंब घेऊन हलकेच फिरवा आणि कापडाकडे पाहा. पिवळट-तपकिरी मळ आला तर ठीक. शाईसारखा काळा रंग किंवा सोनेरी कण आले तर थांबा. त्या भागाला फक्त कोरडा ब्रश.

चाचणी पार पडली तर तळहाताएवढ्या एकेका भागावर काम करा. तेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, स्वच्छ कापडाने टिपा. नक्षीवर कापसाची काडी घासायची नाही, लोळवायची. काडी मळली की बदलायची. मळाचे थर जुने असतील तर एका दिवसात निघणार नाहीत, उद्या पुन्हा करा. जिथे वरचा थर आधीच गेला आहे आणि नक्षी उघडी आहे, तिथे तेल मुरवत ठेवू नका, कारण ते नक्षीच्या कडेखाली शिरून तिला उचलू शकतं.

स्वयंपाकाचं किंवा केसांचं तेल कधीही वापरू नका, ना पुसायला ना यंत्राला घालायला. वनस्पतींची बहुतेक तेलं हवेत हळूहळू घट्ट आणि चिकट होतात. कित्येक ‘बंद पडलेल्या’ मशिनींचं दुखणं एवढंच असतं.

शेवटी मेणाचा हात. संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण सर्वांत चांगलं. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५०च्या दशकात जतनकामासाठी तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स या प्रकारचं. अगदी पातळ थर लावा, काही मिनिटांनी मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा. यातही थोडं द्रावक असतं, म्हणून इथेही लपलेल्या जागी चाचणी हवीच. सिलिकॉन असलेलं गाडीचं किंवा फर्निचरचं पॉलिश नको. ते खाली मुरतं आणि पुढे कधी लाखेचं काम करायचं ठरलं तर काहीच धरू देत नाही.

नवी छापील डेकल मिळतात, ती लावावीत का? मूळ नक्षीचा मागमूसही उरला नसेल आणि तसं नोंदवून ठेवणार असाल तर माझा विरोध नाही. पण निम्मी-अर्धी मूळ नक्षी खरवडून त्याजागी नवी बसवणं मला मान्य नाही. टवके उडालेल्या जागा रंगवण्यापेक्षा गंज येऊ नये म्हणून मेणाने बंद करा आणि तशाच राहू द्या.

चाक फिरत नसेल तर

जोर लावायचा नाही, हे पहिलं. मशीन अडकण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, आणि ती साध्या क्रमाने तपासावीत. सुई खालच्या पट्टीत अडकली आहे का? शटलच्या घरात किंवा चाकाच्या मागच्या दांड्याला दोरा गुंडाळला गेला आहे का? तो वाळलेल्या तेलात बसून लोखंडासारखा कडक झालेला असतो, टाचणीने उकलावा. चाक मोकळं फिरतंय पण सुई हलत नाही असं असेल, तर बॉबिन भरण्यासाठी चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल केलेला राहिला असण्याची शक्यता आहे. तो घट्ट केला की काम झालं.

तरीही हलत नसेल तर तेलाची सगळी भोकं आणि जिथे धातूवर धातू सरकतो त्या सगळ्या जागा शोधून एकेक थेंब द्या. हेअर ड्रायरने त्या भागाला सोसवेल इतकी ऊब द्या. हाताला चटका बसेल इतकी नको, आणि झोत नक्षीवर नको. मग चाक किंचित पुढे, किंचित मागे. हललं नाही तर उद्या. मला एका मशीनला असे अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी चाक एका बोटाने फिरलं. गंज सोडवणारी फवाऱ्याची द्रव्यं वापरायची झाली तर थेंबाने, फक्त यंत्रणेत, आणि मशीन सुटल्यावर ती पुसून काढून खरं तेल द्या. ती उडून जातात, वंगण म्हणून पुरत नाहीत.

बहुतेक मशिनींचं चाक शिवणाऱ्याच्या दिशेने फिरतं, सगळ्यांचं नव्हे. दोरा ओवलेला असताना उलटं फिरवलं तर खाली गुंता होतो, म्हणून चाचणीच्या वेळी दोरा आणि सुई दोन्ही काढून ठेवा.

गंज आणि मुलामा

हाताला नारिंगी भुकटी लागली तर गंज जिवंत आहे, तो थांबवायला हवा. गडद तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा थर असेल तर पुष्कळदा तेल आणि मेण पुरतं. मुलामा नसलेल्या पोलादी भागांवर सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांची स्टील वुल तेलात बुडवून हळू चालवा. मुलामा असलेल्या भागांवर ती चालवू नका. जुन्या मशिनींची चाकाची कड, तोंडावरची पट्टी, सरकत्या पट्ट्या यांवर बहुधा निकेल असतं. निकेलची झाक किंचित पिवळसर ऊबदार, क्रोमची निळसर गार. निकेलचा थर पातळ असतो आणि एकदा घासून गेला की गेला. त्यावर तेल आणि लाकडी टूथपिक, एवढंच पुष्कळ आहे. गेलेला मुलामा पुन्हा चढवून घेण्यापेक्षा फिका राहिलेला मला बरा वाटतो.

व्हिनेगरमध्ये भाग बुडवून ठेवण्याचा सल्ला फार फिरतो. आम्ल गंजासोबत चांगलं लोखंडही खातं आणि नीट निष्प्रभ केलं नाही तर काही तासांत नवा गंज धरतो. सुटे, रंग नसलेले भाग फारच गंजले असतील तर फक्त गंज धरून ठेवणारी आम्लरहित द्रावणं मिळतात, ती वापरा. भाग बाहेर काढल्यावर धुऊन, लगेच पूर्ण वाळवून, तेलाचा हात द्या. नक्षी असलेला कोणताही भाग त्यात घालायचा नाही.

लाकूड, वादी आणि रबर

कव्हर, पेटी आणि टेबल यांचं व्हिनियर (वरचा पातळ लाकडी पापुद्रा) जुन्या मशिनींत सरसाने चिकटवलेलं असतं. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, म्हणून ओला फडका इथेही नको. कोपरा सुटला असेल तर सरसच वापरा. पुढे कुणाला तो ऊब देऊन सोडवता येईल. झटपट चिकटणारं डिंकद्रव्य लावलं की पुढच्या दुरुस्तीचा रस्ताच बंद होतो.

बारीक भोकं आणि त्यांखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला तर आत भुंग्याची अळी जिवंत आहे. तो नग इतरांपासून लगेच दूर करा. छोटी पेटी असेल तर पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बांधून उणे २० अंशांवर किमान दोन आठवडे ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडत नाहीत, नाहीतर लाकडावर दव धरतं. व्हिनियर किंवा जाड लाखेचं काम असलेलं मोठं कपाट मात्र जाणकार जतनतज्ज्ञाला दाखवा.

पायमशीनची चामड्याची वादी ताणलेली ठेवली की लांबते आणि जोडाजवळ फाटते. प्रदर्शनात ती खालच्या मोठ्या चाकावरून उतरवलेलीच बरी. बॉबिन भरण्याच्या चाकाचं छोटं रबरी कडं वर्षांनुवर्षं धातूला टेकून राहिलं तर चिकट डांबर होऊन बसतं. ते चाकापासून दूर राहील अशा बेताने यंत्रणा उचलून ठेवा.

विजेवर चालणारी असेल तर

लावून पाहू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या तारांवरचं रबर आज हात लावला तरी भुगा होतं आणि आतली तांब्याची तार मशीनच्या लोखंडी अंगाला टेकू शकते. जाणकार विद्युत-कारागिराने तपासल्याशिवाय प्लग जोडायचा नाही. मांडायचीच असेल तर मूळ तार कापू नका. गुंडाळून, प्लगला ‘विजेला जोडू नये’ अशी चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधून ठेवा.

जागा निवडताना

बाहेरच्या भिंतीला चिकटून, खिडकीखाली, स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराच्या शेजारी मशीन ठेवू नका. लोखंडाला कोरडी हवा हवी, लाकडाला फार कोरडी झालेली चालत नाही, ते तडकतं. दोघांचं जमतं ते साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत, आणि आकड्याइतकंच महत्त्व ती स्थिर राहण्याला. एक छोटा आर्द्रतामापक मशीनशेजारी ठेवा आणि आठवड्यातून एकदा वाचून लिहा. दुपारी तापणारी आणि रात्री गार पडणारी खोली सर्वांत वाईट, कारण बिडाचं अंग उशिरा तापतं आणि थंड धातूवर हवेतलं पाणी धरतं.

काचेचं कपाट धूळ अडवतं, पण आतली हवाही कोंडतं. एमडीएफ, प्लायवूड आणि ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ निघते, ती बंद कपाटात साठून धातू गंजवते. पावडर-कोटिंग केलेला पत्रा आणि काच हे सुरक्षित. लाकडी कपाट वापरायचंच असेल तर मागे हवेला फट ठेवा. खाली अंथरायला लोकरीचा फेल्ट किंवा पीव्हीसीचा चटईतुकडा नको, पॉलिथिनचा फोम किंवा न रंगवलेलं, धुतलेलं सुती कापड घ्या. सिलिका जेल ठेवणार असाल तर नारिंगी रंगाचं घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तो आरोग्याला घातक.

उजेडाचं गणित सोपं आहे. रंगवलेल्या धातूला आणि लाकडाला २०० लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं माप) चालतं. कापड, दोऱ्याची रिळं, माहितीपुस्तिका यांना ५० लक्सच्या वर नको. ऊन कशालाच नको.

मांडणी

आधी वजन. बिडाच्या पूर्ण आकाराच्या मशीनचं नुसतं डोकं, म्हणजे टेबल-स्टँड सोडून वरचं यंत्र, १२ ते १५ किलोच्या घरात भरतं. अॅल्युमिनियमच्या अंगाचं सिंगर २२१ साधारण ५ किलोचं, तो अपवाद. भिंतीवरच्या फळीचे आधार प्लास्टरमध्ये नव्हे, भिंतीच्या गाभ्यात गेलेले हवेत. फळीला पुढे छोटी कड ठेवा.

उचलताना वाकवलेल्या लाकडी कव्हरच्या मुठीवर कधीही विसंबू नका. जुनं कुलूप सुटतं आणि मशीन पायावर पडते. कव्हर काढून, एक हात आडव्या बाहूखाली आणि दुसरा पाटाखाली, अशी उचला. चाकाला धरून नाही. पायमशीनच्या टेबलावरून डोकं काढायचं असेल तर पाटाच्या मागच्या कडेखालचे दोन छोटे स्क्रू आधी सैल करा, बिजागरीच्या काड्या त्यांनीच धरलेल्या असतात. हे काम दोघांनी करावं.

आता नजर. शिलाई मशीनचं सौंदर्य तिच्या पाटावर आणि खांबाच्या पोटावर आहे, म्हणून ती थोडी वरून दिसली पाहिजे. पाट जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटिमीटरवर आला तर उभ्या माणसाला नक्षी आणि यंत्रणा दोन्ही दिसतात. डोक्याच्या वर ठेवलेल्या मशीनचं फक्त पोट दिसतं. तिला भिंतीला समांतर न ठेवता थोडं तिरकं वळवा, सुईची बाजू प्रेक्षकाकडे. मागच्या पट्टीवरही पुष्कळदा सुंदर कोरीव काम असतं. मागे एक आरसा लावला की ते दिसतं. खालचं शटल दाखवायला पाटाखाली तिरका आरसा ठेवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मशीनकडे एक नजर टाकून पुढे जाणारी माणसं वाकून उभी राहू लागली.

दिवा समोरून किंवा थेट वरून नको, काळ्या चकाकीत फक्त दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. बाजूने, खालच्या कोनातून आलेला सौम्य उजेड सोनेरी रेषा उजळवतो. मागची भिंत फिकट आणि चकाकी नसलेली असावी.

एकापेक्षा जास्त मशिनी असतील तर त्या आकाराने किंवा रंगाने लावण्यापेक्षा खालच्या दोऱ्याच्या रचनेने लावा: सरळ धावणारं शटल, झुलणारं शटल, गोल बॉबिन, आणि शेजारी एकदोऱ्याची साखळी टाक्याची. प्रत्येकीसमोर तिचं शटल किंवा बॉबिन आणि तिने घातलेल्या टाक्याचा कापडाचा तुकडा उलट-सुलट दोन्ही बाजूंनी दिसेल असा ठेवला, तर लहान मुलालाही फरक कळतो. पाच मशिनी अशा मांडलेल्या पन्नास मशिनींच्या भिंतीपेक्षा जास्त सांगतात, असं मला मनापासून वाटतं.

फलकावर मॉडेल, अंदाजे काळ आणि तिच्यावर कोण शिवत होतं, एवढं हवं. वहीतलं एखादं वाक्य तसंच लिहा. मूळ माहितीपुस्तिका मांडू नका, तिची प्रत मांडा. मूळ प्रत आम्लरहित कागदात, गंजलेल्या पिना काढून, अंधारात. मशीनच्या अंगावर नंबर लिहू नका की चिकटपट्टी लावू नका. पांढऱ्या सुती फितीला चिठ्ठी बांधा.

मुलं येणारच आणि चाक फिरवणारच. सुई काढून ठेवा आणि चाक सुती फितीने हलकेच बांधा. कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाखाली घडी घातलेलं मऊ सुती कापड असू द्या, म्हणजे तो दात्यांवर टेकत नाही. दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये कायमचा ओवून ठेवू नका, आणि त्या चकत्यांचा व पायावरच्या दाबाचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा. स्प्रिंगना विश्रांती हवी.

पायमशीनच्या लोखंडी स्टँडवर संगमरवर टाकून टेबल करण्याची किंवा डोक्याला भोक पाडून दिवा बसवण्याची पद्धत आहे. फक्त स्टँडच उरला असेल तर गोष्ट वेगळी. पण डोकं, टेबल आणि स्टँड एकत्र मिळालेली मशीन फोडू नका. ते तीन भाग एवढी वर्षं सोबत राहिले आहेत.

नंतरची देखभाल

दर महिन्याला मऊ ब्रशने धूळ. दर तीन महिन्यांनी फीत सोडा, प्रत्येक तेलाच्या जागी एकच थेंब द्या, चाक दहा-बारा वेळा फिरवा आणि खाली ठेवलेल्या उथळ ताटलीत गळलेलं तेल पुसा, नाहीतर ते लाकडात मुरतं. सुईचा दांडा, सरकती पट्टी आणि पाटाखालचे स्क्रू या तीन ठिकाणी गंज सर्वांत आधी दिसतो. तिथे टॉर्च मारून पाहा. वर्षातून एकदा मेणाचा नवा हात आणि पहिल्या दिवशी जिथून काढले तिथूनच पुन्हा फोटो. दोन फोटो शेजारी ठेवले की डोळ्यांना न कळलेला बदल दिसतो, मग तो उडालेला टवका असो की फिकी पडलेली रेषा.

मांडायला जागा नसलेल्या मशिनी बंद प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दव धरतं. धुतलेल्या सुती चादरीत सैल झाका, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. काढलेले सुटे भाग, मोडकी सुई, जुना दोरा, रबराचं कडंसुद्धा, मशीनचा क्रमांक लिहिलेल्या पिशवीत टाका. रबर मात्र वेगळ्या पिशवीत, धातूला न लागता. वादी सैल वेटोळं करून तिच्याच खणात.